पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब, कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब चालवलं तरी येत नाहीत. नेमकं काय चुकतंय?

काजवा
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडी घाईची आहे. माझ्याकडे १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह आहे, त्यात आईच्या आवाजातली रेकॉर्डिंगं आहेत, तिने स्वतः बसून सांगितलेल्या आठवणी, दोन वर्षं थोडं थोडं करून केलेलं काम. दुसरी प्रत नाही. हो, करायला हवी होती, माहीत आहे, ते कृपया आत्ता नको.

परवा तो ड्राइव्ह बाहेर एका कॉम्प्युटरला लावला, प्रिंट काढायचं होतं. घरी येऊन बघते तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटा बाण, आणि साइज फक्त १ केबी. पण ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ११ जीबी वापरलेली दिसतेय म्हणजे माल आत आहे असं मला वाटतं. एका ओळखीच्यांनी फोनवर सांगितलं की कमांड प्रॉम्प्ट रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघड आणि अ‍ॅट्रिब चालव. मी चालवलं. स्क्रीनवर हे आलं (सगळं देवनागरीत लिहितेय, मशीनवर अर्थात इंग्रजी अक्षरं होती):

सी:\विंडोज\सिस्टम३२> सीडी ई:\
सी:\विंडोज\सिस्टम३२> अ‍ॅट्रिब -एच -एस -आर *.* /एस /डी
अ‍ॅक्सेस डिनाइड - सी:\विंडोज\सिस्टम३२\...
अ‍ॅक्सेस डिनाइड - सी:\विंडोज\सिस्टम३२\...

आणि मग अशा शेकडो ओळी धावत सुटल्या. घाबरून खिडकी बंद केली. फोल्डर अजून शॉर्टकटच आहेत.

दुसरा प्रश्न, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही: माझ्या मशीनवरच्या कुठल्याही फोल्डरची प्रॉपर्टी उघडली की रीड-ओन्लीच्या चौकोनात निळा ठिपका असतो, मी तो काढते, ओके करते, परत उघडते, परत आहेच. हे पण व्हायरसचं काम का?

जुनी_वही
सोमवार, रात्री ९:४६

पहिलं काम, ड्राइव्ह फॉरमॅट करू नका, विंडोजने "फॉरमॅट करू का" विचारलं तरी नाही म्हणा. दुसरं, त्या शॉर्टकटवर डबल क्लिक अजिबात नको. बाकी लोक येतीलच.

रानवाट
सोमवार, रात्री १०:०५

काजवाताई, तुमचा माल सुखरूप असणार, आधी श्वास घ्या. कमांड बरोबर होती, जागा चुकली.

तुमच्या दुसऱ्या ओळीची सुरुवात बघा. सीडी ई:\ केल्यावरसुद्धा प्रॉम्प्ट सी:\विंडोज\सिस्टम३२ च दाखवतोय. म्हणजे तुम्ही ई ड्राइव्हवर गेलाच नाहीत. डॉसच्या काळापासून प्रत्येक ड्राइव्हची स्वतःची एक चालू डिरेक्टरी असते, आणि सीडी ई:\ म्हटलं की ई ची चालू डिरेक्टरी बदलते पण तुम्ही उभे असता तिथेच, सी वर. एररही येत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं झालं काम. ड्राइव्ह बदलायचा तर नुसतं ई: टाइप करून एंटर, किंवा सीडी /डी ई:\ असं.

आणि अ‍ॅडमिन म्हणून उघडलेला प्रॉम्प्ट सिस्टम३२ मध्येच उघडतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पेनड्राइव्हसाठीची कमांड विंडोजच्या पोटात चालते. तुम्ही पहिल्या नाही, या धाग्यावर निम्म्या लोकांनी तरी हे केलेलं असेल.

काजवा
सोमवार, रात्री १०:०९

म्हणजे मी सिस्टम३२ ची वाट लावली का?? मशीन बंद करायची भीती वाटतेय.

रानवाट
सोमवार, रात्री १०:२२

नाही. दोन कारणं. एक तर अ‍ॅट्रिब फाइलच्या आतला मजकूर शिवतसुद्धा नाही, फाइलवरची खूण बदलते फक्त: एच म्हणजे हिडनची, एस सिस्टमची, आर रीड-ओन्लीची; उणे म्हणजे खूण काढ, अधिक म्हणजे लाव. दुसरं, ते जे शेकडो "अ‍ॅक्सेस डिनाइड" आले ना, त्यांनीच तुम्हाला वाचवलं. सिस्टम३२ मधल्या बहुतेक फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या खात्याकडे असते, अ‍ॅडमिनला वाचायची आणि चालवायची मुभा, बदलायची नाही. त्यामुळे कमांड दारातूनच परत आली. काही थोड्या फायली बदलल्या असतील, फार तर पूर्वी न दिसणारी एखादी डेस्कटॉप.आयएनआय दिसायला लागेल. बिनधास्त रीस्टार्ट करा. फक्त आता "उलटं करते" म्हणून सगळ्यावर +एच +एस मारू नका, ते मात्र खरंच निस्तरत बसावं लागेल.

पेनड्राइव्हसाठी अ‍ॅडमिनची गरजच नाही. त्यावर फायली मांडायची पद्धत एफएटी३२ किंवा एक्सफॅट असते, त्यात परवानग्या नावाचा प्रकारच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे एक्सप्लोररमध्ये ई ड्राइव्ह उघडा, वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये जे लिहिलंय ते पुसून सीएमडी टाइप करा, एंटर. प्रॉम्प्ट थेट ई:\ वर उघडेल. ई:\> दिसलं की मगच पुढे.

पानगळ
सोमवार, रात्री १०:३०

एवढं कशाला? फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन "शो हिडन फाइल्स" करायचं आणि खालचं "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स" वरची टिक काढायची. फोल्डर दिसायला लागतात, कॉपी करून घ्यायचे. मी तर कायम असंच करतो, काळी खिडकी उघडायची वेळच येत नाही.

अर्धविराम
सोमवार, रात्री १०:४१

पानगळ, कॉपी करून घेण्यापुरतं ठीक. पण त्याने तुमच्या मशीनचा चष्मा बदलतो, फोल्डर तसाच राहतो. ड्राइव्ह दुसऱ्याला दिलात की त्याच्याकडे परत गायब. शिवाय ती टिक काढून ठेवली की विंडोजच्या कामाच्या फायली रोज डोळ्यासमोर येतात आणि कधीतरी "हे काय फालतू" म्हणून कोणीतरी डिलीट करतं. घरातल्या लहानांच्या हातात मशीन असेल तर नकोच.

आणि तुम्ही म्हणाल मग फोल्डरवर राइट क्लिक करून हिडनची टिक काढू, तर ती करता येत नाही. सिस्टमची खूण असली की हिडनचा चौकोन राखाडी होतो, क्लिकच घेत नाही. तिथे अ‍ॅट्रिबशिवाय गत्यंतर नाही.

याच कारणाने प्रॉम्प्टवरही नुसतं -एच चालत नाही. मी पहिल्यांदा फक्त अ‍ॅट्रिब -एच केलं होतं, "नॉट रीसेटिंग सिस्टम फाइल" एवढंच उत्तर. अर्धा तास डोकं खाजवलं. -एस आणि -एच एकाच कमांडमध्ये द्यावे लागतात.

चौकट
सोमवार, रात्री ११:१५

हा विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा लांब लिहितो, ज्यांना घाई आहे त्यांनी रानवाट यांचं करा आणि झोपा.

एफएटी ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची किंवा फोल्डरची नोंद ३२ बाइटची असते. पहिले ११ बाइट नाव, ८ नावाचे आणि ३ एक्स्टेन्शनचे, आणि त्याच्या लगेच पुढचा एक बाइट म्हणजे हे सगळे अ‍ॅट्रिब्यूट. एकच बाइट! त्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक खूण: रीड-ओन्ली १, हिडन २, सिस्टम ४, ड्राइव्हचं लेबल ८, डिरेक्टरी १६, अर्काइव्ह ३२. ज्या खुणा लागल्यात त्यांची बेरीज तिथे लिहिलेली असते.

म्हणजे साधा फोल्डर १६. काजवाताईंच्या ड्राइव्हवर त्या किड्याने काय केलं तर १६ मध्ये ४ आणि २ मिळवून २२ केलं. बस. ११ जीबी गायब झाली असं वाटायला लावणारा फरक प्रत्येक फोल्डरमागे दोन बिटांचा आहे. रेकॉर्डिंगचा एक बाइटही हललेला नाही. अ‍ॅट्रिब -एच -एस म्हणजे २२ चं परत १६ करणं.

यावरून दोन गोष्टी कळतात. डिरेक्टरी हीसुद्धा एक खूणच आहे पण ती अ‍ॅट्रिबने लावता किंवा काढता येत नाही, नाहीतर फोल्डरची फाइल करून लोकांनी हाहाकार माजवला असता. आणि दुसरी गंमत, विंडोज ९५ ने लांब नावं आणली तेव्हा नव्या नोंदीसाठी जागा कुठून काढायची हा प्रश्न होता, तर त्यांनी १, २, ४ आणि ८ चारही खुणा एकदम लावल्या, बेरीज १५. अशी खरी फाइल असूच शकत नाही, त्यामुळे जुने प्रोग्रॅम त्या नोंदी ओलांडून पुढे जायचे आणि नवे त्यातून लांब नाव वाचायचे. मला आजही हा उपाय फार सुंदर वाटतो.

अ‍ॅट्रिब कमांड डॉस ३.० पासूनची, म्हणजे १९८४. चाळीस वर्षं होऊन गेली आणि अजून रोज कुणाचा तरी जीव भांड्यात पाडतेय.

पारिजात
सोमवार, रात्री ११:२१

चौकटराव, २२ आता जन्मभर लक्षात राहणार. सुरेख समजावलंत.

एक अवांतर: या अ‍ॅट्रिब्यूटला मराठीत काय म्हणायचं? सगळीकडे गुणधर्म लिहितात. पण गुणधर्म म्हणजे अंगभूत, लोखंडाचा गुणधर्म. हे तर बाहेरून लावलेलं आहे.

जुनी_वही
सोमवार, रात्री ११:२६

शिक्का. शिक्का मारता येतो, पुसता येतो, आणि शिक्का मारल्याने आतला माल बदलत नाही.

तळटीप
सोमवार, रात्री ११:३४

शिक्का पुसणं जरा अवघड असतं पण. रानवाट आणि चौकट दोघांनी नकळत "खूण" वापरलंय, तोच शब्द बसतो. खूण लावली, खूण काढली. मी यापुढे तोच वापरणार.

चौकट
सोमवार, रात्री ११:३६

मान्य. गुणधर्म हा प्रॉपर्टीला राहू द्या.

रानवाट
मंगळवार, सकाळी ७:१०

काजवाताई, उठलात की हे क्रमाने करा. आधी नुसतं बघा, काही बदलू नका. ई:\> वर डीआयआर /ए टाइप करा. साधं डीआयआर लपलेलं काही दाखवत नाही, /ए दिलं की सगळं दाखवतं. तुमचे फोल्डर तिथे <डीआयआर> असं लिहून नावानिशी दिसतील. ते डोळ्यांनी बघितलेत की निम्मी भीती जाईल.

मग: अ‍ॅट्रिब -एच -एस -आर ई:\*.* /एस /डी

मी मुद्दाम ई:\ कमांडच्या आतच लिहिलंय, म्हणजे तुम्ही चुकून कुठेही उभ्या असलात तरी कमांड ई वरच चालेल. /एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरमध्ये उतर, आणि /डी म्हणजे फायलींबरोबर खुद्द फोल्डरनाही लाव. *.* च्या बरोबर /डी विसरलं की फक्त फायलींवर काम होतं, फोल्डर लपलेलेच, आणि माणूस म्हणतो कमांड चालत नाही. एकाच फोल्डरचं नाव थेट दिलं तर /डी लागत नाही, पण नावात स्पेस असेल तर दुहेरी अवतरणात.

काजवा
मंगळवार, सकाळी ८:०२

डीआयआर /ए केलं. दिसले! सगळ्या शॉर्टकटची नावं आहेत, .एलएनके लिहिलेली, आणि एक फोल्डर आहे ज्याला नावच नाही. <डीआयआर> आणि पुढे रिकामं. माझे फोल्डर मात्र नाहीत त्या यादीत. हे काय आता? अजून दुसरी कमांड दिली नाहीये, आधी विचारते.

रानवाट
मंगळवार, सकाळी ८:१५

विचारलंत ते उत्तम केलंत. रिकामं दिसतंय पण नाव आहे, एका अक्षराचं, आणि ते अक्षर म्हणजे न तुटणारी स्पेस. काही किडे सगळे फोल्डर उचलून अशा बिननावाच्या फोल्डरमध्ये टाकतात, मग त्याला हिडन आणि सिस्टम दोन्ही खुणा लावतात. कीबोर्डवरून ते अक्षर काढायचं तर ऑल्ट दाबून अंकांच्या पट्टीवर २५५, पण तुम्हाला ती गरज नाही. *.* त्यालाही पकडतं. कमांड द्या, मग एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर दिसेल, एफ२ दाबून त्याला काहीतरी नाव द्या, मग आत जा.

काजवा
मंगळवार, सकाळी ८:३१

मिळालं. सगळं मिळालं. ४३ रेकॉर्डिंगं आहेत, मोजली. पहिलं लावून बघितलं, आई म्हणतेय "चालू झालं का गं?" रडायलाच आलं. रानवाट, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. आत्ता आधी लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या डिस्कवर कॉपी लावलीय, बाकी नंतर लिहिते.

पारिजात
मंगळवार, सकाळी ८:३५

हे वाचून माझेही डोळे भरले. काजवा, आईला नमस्कार सांग.

पानगळ
मंगळवार, सकाळी ९:१०

फार बरं वाटलं. आणि अर्धविराम यांचं म्हणणं पटलं, काल एका जुन्या ड्राइव्हवर करून बघितलं, हिडनचा चौकोन खरंच राखाडी होता. इतकी वर्षं मी चष्मा बदलत होतो.

तळटीप
मंगळवार, दुपारी १:२०

लिनक्सवाल्यांसाठी थोडं लिहितो, कारण तिथे डिरेक्टरीच्या खुणांचा अर्थ वेगळा आहे आणि तिथे माणूस जास्त जोरात आपटतो.

लिनक्समध्ये हिडन नावाची खूणच नाही. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की एलएस, म्हणजे तिथलं डीआयआर, ते दाखवत नाही, इतकंच. लपवायचं तर नाव बदला. पण आर, डब्ल्यू, एक्स (वाचणं, लिहिणं, चालवणं) या तीन परवानग्या आहेत आणि फाइलवर त्यांचा जो अर्थ आहे तो डिरेक्टरीवर नाही. डिरेक्टरीवर आर म्हणजे आतली नावं वाचता येणं. डब्ल्यू म्हणजे आत नवीन काही ठेवणं, काढणं, नाव बदलणं. आणि एक्स म्हणजे त्या दारातून आत जाणं. त्यामुळे एखादी फाइल तुम्हाला लिहिता येत नसली तरी ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे तुम्हाला डब्ल्यू आणि एक्स असेल तर ती डिलीट करता येते. नव्या लोकांना हे पटतच नाही, पण डिलीट करणं म्हणजे डिरेक्टरीच्या यादीतून ओळ खोडणं, ती यादी डिरेक्टरीची आहे, फाइलची नाही. सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या /टीएमपी वर म्हणूनच स्टिकी बिट असतो, १७७७, म्हणजे ज्याची फाइल त्यानेच खोडावी.

आता माझी गोष्ट. कामावर एका सर्व्हरवरच्या सगळ्या फायली ६४४ करायच्या होत्या, म्हणजे मालकाला आर आणि डब्ल्यू, बाकीच्यांना फक्त आर. मी सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, परवानग्या बदलायची कमांड सीएचमॉड -आर ६४४ (आर मोठा) दिली आणि वर त्या डिरेक्टरीचं नाव. दोन सेकंदात झालं. साइट बंद. आत एलएस -एल केलं तर फायलींची नावं दिसतायत आणि मालक, साइज, तारीख या सगळ्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. त्या दिवशी जो घाम फुटला तो अजून आठवतो. झालं होतं असं की ६४४ मध्ये एक्स नाही, मी प्रत्येक डिरेक्टरीचं दारच बंद केलं होतं. नावं वाचता येत होती, आत पाऊल टाकता येत नव्हतं.

उपाय छोटा आहे आणि तो माहीत असायलाच हवा: मोठा एक्स. सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स असं, पण यातले दोन्ही एक्स मोठे. मोठा एक्स म्हणजे डिरेक्टरीला एक्स लाव, फाइलला मात्र ती आधीपासून चालवण्याजोगी असेल तरच लाव. एका कमांडमध्ये डिरेक्टऱ्या ७५५ (६४४ अधिक सगळ्यांना एक्स) आणि साध्या फायली ६४४. किंवा मग फाइंडला -टाइप डी देऊन फक्त डिरेक्टऱ्या वेगळ्या काढायच्या. पण ज्यांना हे माहीत नसतं ते घाबरून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं, करून मोकळे होतात, आणि मग कुणीही येऊन काहीही लिहून जातं. ७७७ हा उपाय नव्हे हो, कृपा करा.

घड्याळवाला
मंगळवार, दुपारी २:०५

तळटीप, तुमच्या प्रश्नचिन्हांच्या ओळी मीही पाहिल्यात, डिस्क गेली असं वाटलं होतं मला.

यात एक भर. लिनक्सवर सीएचॅटर आहे, ईएक्सटी४ वगैरेवर चालतं. सीएचॅटर +आय दिलं की ती गोष्ट अचल होते, रूटलासुद्धा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यालासुद्धा, बदलता येत नाही, आधी -आय करावं लागतं. डिरेक्टरीवर +आय लावलं तर आत नवीन काही बनत नाही, काही खोडता येत नाही, पण आतल्या जुन्या फाइलचा मजकूर मात्र बदलता येतो. बघायचं असेल तर एलएसॅटर -डी.

याचा माझा रोजचा उपयोग सांगतो. बॅकअपची डिस्क एका रिकाम्या डिरेक्टरीवर माउंट होते, म्हणजे जोडली जाते. एकदा डिस्क माउंट झालीच नाही आणि रात्रीचा बॅकअप त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मूळ डिस्कवरच, लिहीत सुटला. सकाळी मूळ डिस्क गच्च भरून मशीन आडवं. तेव्हापासून माउंट करायच्या आधी त्या रिकाम्या डिरेक्टरीला +आय लावून ठेवतो. डिस्क जोडली गेली की वरचं राज्य त्या डिस्कचं, खालची खूण आड येत नाही. डिस्क नसेल तर बॅकअपला लिहिताच येत नाही आणि तो लगेच ओरडतो. एका कमांडचं काम आहे.

अर्धविराम
मंगळवार, दुपारी २:३०

घड्याळवाला, हे फार कामाचं आहे, आज रात्रीच लावतो.

शेवंती
मंगळवार, दुपारी ४:४८

मॅकवाले कोणी असतील तर, तिथे सीएचफ्लॅग्ज. सीएचफ्लॅग्ज नोहिडन आणि पुढे फोल्डर. घरच्या फोल्डरमधली लायब्ररी २०११ च्या लायनपासून लपवलेली असते, ती याने कायमची दिसते.

चौकट
मंगळवार, सायंकाळी ६:००

विंडोजवर परत येतो. पॉवरशेल वापरणाऱ्यांनी गेट-चाइल्डआयटेम -फोर्स करून बघा, डाव्या बाजूला मोड नावाचा रकाना येतो. लपवलेल्या सिस्टम फोल्डरसमोर डी--एचएस- असं दिसतं. एका नजरेत कुठल्या खुणा लागल्यात ते कळतं.

आणि फोल्डर लपण्याचं कारण दर वेळी व्हायरसच असतो असं नाही. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडने अख्ख्या ड्राइव्हचा, म्हणजे ई:\ चा, बॅकअप डी:\बॅकअप मध्ये घेतला की कधी कधी तो बॅकअप फोल्डरच गायब होतो. कारण ड्राइव्हच्या मुळाला, रूटला, स्वतःच्या हिडन आणि सिस्टम खुणा असतात, रोबोकॉपी इमानदारीने त्यासुद्धा तुमच्या नव्या फोल्डरवर उतरवतो. लोक समजतात बॅकअप झालाच नाही, परत घेतात. अ‍ॅट्रिब -एच -एस डी:\बॅकअप, एवढंच.

शेवंती
मंगळवार, सायंकाळी ६:१४

अरे देवा! माझा बाह्य डिस्कवरचा बॅकअप गेल्या महिन्यात असाच "हरवला" होता. मी परत घेतला दुसऱ्या नावाने. आता जाऊन बघते.

शेवंती
मंगळवार, सायंकाळी ६:३२

होता. दोन्ही होते. ९० जीबी मोकळी झाली. धन्यवाद चौकट.

पारिजात
मंगळवार, रात्री ८:०५

काजवाचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. तो रीड-ओन्लीचा ठिपका. मलाही तो आहे.

अर्धविराम
मंगळवार, रात्री ८:५०

तो व्हायरस नाही, सगळ्यांकडे असतो. त्या चौकोनाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की हे फक्त फोल्डरमधल्या फायलींना लागू. ठिपका म्हणजे "आतल्या फायलींचं काय करायचं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही". टिक काढून ओके केलं की आतल्या फायलींची खूण निघते, फोल्डरची नाही, आणि पुढच्या वेळी ठिपका परत हजर.

विंडोजमध्ये फोल्डरवरच्या रीड-ओन्लीचा अर्थ फाइलसारखा नाहीच. करून बघा: अ‍ॅट्रिब +आर देऊन एक फोल्डर रीड-ओन्ली करा आणि त्यात नवीन फाइल सेव्ह करा. निमूट सेव्ह होते. एक्सप्लोरर ती खूण वेगळ्याच कामाला वापरतो. फोल्डरवर आर किंवा एस दिसली की तो आत डेस्कटॉप.आयएनआय शोधतो आणि त्यात लिहिलेलं आयकन वगैरे दाखवतो. तुम्ही एखाद्या फोल्डरचं चित्र बदललंत आणि मग अ‍ॅट्रिब -आर केलंत तर चित्र जातं, साधा पिवळा फोल्डर परत येतो.

म्हणून फोल्डर खरंच कोणी छेडू नये असं वाटत असेल तर या खुणांवर विसंबू नका. त्यासाठी परवानग्या, म्हणजे एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजची स्वतःची डिस्क असते तशा) प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटीचा टॅब किंवा आयकॅकल्स कमांड. लपवलेला फोल्डर म्हणजे सुरक्षित फोल्डर नव्हे, डीआयआर /ए इतकं अंतर आहे त्याच्यात आणि बघणाऱ्यात.

जुनी_वही
मंगळवार, रात्री ९:१५

काजवाताई, कॉपी झाली असेल तर शॉर्टकट सगळे डिलीट करा, राइट क्लिक करून एखाद्याचं टार्गेट बघितलंत तर कळेल की तो आधी कुठला तरी प्रोग्रॅम चालवून मग तुमचा फोल्डर उघडत होता, म्हणून काल क्लिक करू नका म्हटलं. ड्राइव्हमध्ये अनोळखी .ईएक्सई किंवा .व्हीबीएस काही दिसलं तर तेही काढा. आणि लॅपटॉपचं अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा, कारण अ‍ॅट्रिब फोल्डर दाखवतं, किडा मारत नाही. मशीनमध्ये तो बसला असेल तर पुढचा पेनड्राइव्ह लावला की परत हेच.

काजवा
बुधवार, सकाळी १०:२०

सगळं केलं. लॅपटॉप स्वच्छ निघाला, मी शॉर्टकटवर क्लिक केलं नव्हतं ते नशीब. रेकॉर्डिंगं आता तीन ठिकाणी आहेत. पारिजात, आईला नमस्कार सांगितला, ती म्हणाली कोण ही, छान आहे.

एक राहिलं. कमांड दिल्यापासून पेनड्राइव्हवर सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचा फोल्डर दिसतोय, पूर्वी नव्हता. उघडून बघितला तर आत दोन छोट्या फायली. हा किड्याचा उरलेला भाग आहे का?

रानवाट
बुधवार, सकाळी १०:४५

नाही, तो विंडोजचा स्वतःचा. आधीपासून होता, हिडन आणि सिस्टम खुणा लावून लपवलेला, आपण *.* म्हटलं त्यात त्याच्याही निघाल्या. डिलीट केलात तरी विंडोज परत बनवेल. डोळ्यांना खुपत असेल तर त्याच्या खुणा त्याला परत द्या. कमांड आता तुम्हीच सांगा.

काजवा
बुधवार, सकाळी ११:०३

ई:\> अ‍ॅट्रिब +एच +एस "सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन"

आधी प्रॉम्प्ट बघितला, ई:\ च होता. नावात स्पेस म्हणून अवतरण, एकच फोल्डर म्हणून /डी नाही. एंटर दाबलं, काहीच उत्तर आलं नाही, एक्सप्लोररमध्ये गेले तर फोल्डर गेला होता. डीआयआर /ए मध्ये आहे.

रानवाट
बुधवार, सकाळी ११:०६

अगदी बरोबर.